तोंड नथवालीचं

दाखवलं तिथं सही करायची, वर काय लिहिलंय ते वाचायचं नाही — हे आमच्या घरातलं पहिलं कलम, मामा, आणि दुसरं कलम असं की पहिल्या कलमाबद्दल विचारायचं नाही. तेव्हा तुमचं ते पेन आधी खिशात ठेवा. नाही, चालतं हो पेन, प्रश्न पेनाचा नाही. चहा घ्या. साखर कमी म्हणालात म्हणून मी मुद्दाम सांगून आणलाय — नाहीतर आमच्याकडं गिऱ्हाइकाच्या कपात चमचा उभा राहील एवढी साखर घालतात, म्हणजे तोंड गोड होतं आणि मग ते प्रश्न विचारायला उघडत नाही.

काकांकडं काय बघताय? मघापासून तुम्ही विचारता मला आणि उत्तराला बघता नानासो काकांच्या मिशीकडं. मिशीला गाडीतलं काही कळत नाही, मामा. कळतं ते मला. सांगलीत चार वर्षं हॉस्टेलची आमटी पिऊन ऑटोमोबाईल शिकलेय, आणि त्याच्या आधीपासून या गॅरेजच्या शेडमध्ये पाने उचलून देतेय. आणि दुसरं म्हणजे, गाडी माझ्या नावावर आहे. हो, तुम्ही घ्यायला आलाय ती, ही समोर उभी असलेली पिकअपच. काका मालकासारखे बसलेत म्हणून तसं वाटतं. पलीकडं खुर्चीत डोळे मिटून बसलेत ते आप्पा, माझे आजोबा, लालासाहेब. बावीस वर्षं फौजेत ट्रक चालवला. झोपलेले नाहीत. त्यांना झोपल्यासारखं बसून सगळं ऐकायची सवय आहे, मोर्चावरची.

माझ्या नावावर कशी म्हणता? सोपं आहे. मला अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात काकांना कुणीतरी सांगितलं की पतसंस्थेत बाईच्या नावावर कर्ज काढलं की व्याज अर्धा टक्का कमी. लगेच घरात बायकांचा मान वाढला! केक आणला. 'आमची लक्ष्मी' म्हणाले. लक्ष्मीनं तीन ठिकाणी सह्या केल्या, गाडी दारात आली, आणि काचेवर हे एवढं मोठं नाव टाकलं — ऋषिराज. माझा चुलतभाऊ. तेव्हा सहावीत होता, सायकलवरून त्याला उतरता यायचं नाही, पडूनच उतरायचा. पण नाव त्याचं. माझं नव्हतंच असं नाही हं. मागं, चाकाच्या चिखलरबरावर — 'लाडकी अंकिता'. एका पावसाळ्यात 'लाडकी' गेली, दुसऱ्या पावसाळ्यात मी गेले. किल्ली काकांच्या कमरेला.

असो. तुम्ही विचारलंत, ही नथवालीच ना? चांगला प्रश्न आहे. पण मला आधी सांगा, नथवाली म्हणजे काय? — बघा, जाळीकडं बोट दाखवलंत. सगळे तेच करतात. ती चकचकीत वाकडी पट्टी, एका टोकाला वर वळलेली, दिसते खरी नथीसारखी. पण कंपनीच्या कागदावर कुठं 'नथवाली' लिहिलेलं नाही, मामा. कंपनीचं नाव ठेवणं म्हणजे आपल्याकडच्या बारशासारखं — बाळ कसंही असो, नावात 'राज' पाहिजे. नुसता दिवा बदलला की ती 'प्लस' होते. बाजूला एक पट्टा चिकटवला की 'सुपर'. सीटचं कापड बदललं की 'गोल्ड'. आणि ज्या वर्षी खरोखर आतलं सगळं बदललं, त्या वर्षी नाव काय ठेवलं? काहीच नाही! तेच जुनं. का, तर जुनं नाव खपत होतं. खरी ओळख कुठं असते सांगू? चॅसीवर ठोकलेल्या नंबरात. पण तो वाचायला खाली वाकावं लागतं, आणि आपल्याकडं गाडीपुढं लोक वाकतात ते नारळ फोडायला. म्हणून मग गावानंच बारसं केलं, तोंड बघून.

पहिली ती म्हशीतोंडी. सपाट काळी जाळी, लांब लांब दोन गोल दिवे. टर्बो नाही, डिझेलचा पंप साधा, चार गिअर, पुढंही पाटे आणि मागंही पाटे — पाटे म्हणजे ते लोखंडी पट्ट्यांचे थर, धक्का खाणारे. स्टेअरिंगला दोन माणसं लागायची, एक फिरवायला आणि एक शिव्या द्यायला. पण बिघडली तर हातोडी आणि तार, झालं काम. आप्पांचा तिच्यावर फार जीव. ती ऑर्डर पाळायची ना! मग आली चष्मेवाली. दिव्यांना चौकटी आल्या. टर्बो आला, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, स्टेअरिंग एका हातानं फिरायला लागलं, आणि लोक म्हणाले, बापरे, दुसरी पिढी! कसली दुसरी? चॅसी तीच, पाटे तेच, मागच्या ब्रेकचे ड्रम तेच. दीड पिढी म्हणा फार तर. आमच्या घरासारखं — हातात मोबाईल आले, खालची चॅसी आजोबांचीच.

आणि मग नथवाली. इथं खरी पिढी बदलली. डिझेल एका नळीत भरपूर दाबानं साठतं आणि कॉम्प्युटर ठरवतो कुठल्या सिलिंडरला किती द्यायचं. पुढचे पाटे गेले, तिथं स्प्रिंगा आल्या. चॅसीचा पत्रा जाड. मागचे ड्रम दोन बोटं जास्त रुंद. आणि मागच्या धुऱ्यापाशी एक छोटा व्हॉल्व्ह, त्याला एक बारीक दांडी — हौद्यात माल किती आहे हे ती दांडी ओळखते आणि मागच्या चाकांना तेवढाच ब्रेक सोडते. रिकामी असली तर कमी, भरलेली असली तर जास्त. एवढ्याशा दांडीला एवढी अक्कल! माणूस बघून वजन द्यावं हे आमच्या घरात अजून कुणाला —

खाकरू नका, काका. पाहुण्यांना माहिती देतेय. तुम्हीच म्हणाला होता ना, 'पोरीला इंजनरिंगला घातलीय त्ये पावण्याला दिसू दे जरा'? दिसू दे की मग.

तर मामा, आता कळीचा मुद्दा. ज्या साली ही गाडी आली, त्या साली शोरूममध्ये चष्मेवाली आणि नथवाली शेजारी शेजारी उभ्या होत्या. जुना माल संपवायचा होता. म्हणजे कागदावर साल बघून तुम्हाला काही कळणार नाही. नाव बघून कळणार नाही, कारण नाव दोघींचं एकच. तोंड बघून — तोंडाचं सांगते. हे तोंड हिचं नाही.

हो. बसा. बसा हो, कप सांडतोय. ही चष्मेवाली आहे. वरनं नथवाली, आतनं चष्मेवाली. गेल्याच्या गेल्या वर्षी आमच्या ऋषिराजनं — लायसन नव्हतं, पण काचेवर नाव होतं ना, ते पुरेसं असतं — विट्याला जाताना विजेच्या खांबाला नेऊन लावली. खांबाला काही झालं नाही, भावालाही काही झालं नाही, गाडीचं तोंड पार चेपलं. काकांनी भंगारातून नथवालीचं तोंड आणलं. म्हणाले, हेच मिळालं. बॉनेट, जाळी, दिवे, पुढचा पत्रा सगळं. बसणार कसं? सहा भोकं जुळत नव्हती. एकेक पट्टी कापून, वेल्डिंग करून, तीन दिवसांत असं बसवलं की जोडात नख शिरत नव्हतं! कंपनीचा माणूस फसला असता. कुणी म्हणजे? मी. मीच बसवलं.

असं बघू नका. मला तेव्हा काय ठाऊक — म्हणजे ठाऊक होतं. नाही, ठाऊक नव्हतं, पण काका गाडीभोवती दोन फेऱ्या मारून 'आता हिला नथवालीचा भाव येतोय बगा' असं आप्पांना म्हणाले, ते मी ऐकलं होतं. आणि मला राग यायच्या ऐवजी बरं वाटलं होतं. माझ्या कामाला कुणीतरी पहिल्यांदा भाव लावला होता. खोटं कशाला सांगू? आणि हे आत्ताचं तोंड माझं नाही बरं का, हे दुसऱ्यांदा बसवलंय, त्याला मी हात लावला नाही. साताऱ्याहून मिस्त्री आणला होता. म्हणून तर बघा, डावा दिवा कसा बोटभर वर आहे, लग्नात रुसलेल्या जावयासारखा. मी असलं काम केलं असतं तर पाना खाली ठेवला असता.

दुसऱ्यांदा का? — विचारलंत शेवटी. मला वाटलं तुम्ही विचारणारच नाही.

दिवाळीच्या तोंडावर काका कागद घेऊन आले. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म. कोरे. 'हितं सही कर, हितं, आन् हितं.' मी केल्या. वाचल्या नाहीत, आणि वाचायला त्यात होतं तरी काय, सगळं कोरं. गाडी घेतली रविराजनं. आटपाडीकडचा. आजा मेंढरं घेऊन फिरायचा, बापानं विहीर काढली, यानं डाळिंब लावलं — आणि हौसेनं गाडी घेतली, पुण्याला माल स्वतः नेणार म्हणून. फॉर्म काकांच्या ड्रॉवरमध्ये तसेच राहिले. भरतो, भरतो. चैत्रात मी घरी मेथी निवडत बसलेय आणि फोन आला. हवालदार. 'मॅडम, तुमची गाडी दिवे घाटात उलटलीय.' मी म्हटलं, माझी? माझी कुठली गाडी? ते म्हणाले, तुमच्याच नावावर आहे. बघा, मामा — सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला त्या गाडीची मालकीण म्हणालं.

दीड टन डाळिंब भरलं होतं. नथवालीला ते जड नाही. चष्मेवालीला झेपत नाही, उतारावर तर नाहीच — मागचे ड्रम अरुंद, सगळा भार पुढच्या ब्रेकवर, ते तापतात, तापले की पायडल खाली जातं आणि खालीच राहतं. त्यानं शहाणपणानं डोंगराच्या बाजूला घातली म्हणून वाचला. मांडीत रॉड आहे. मी गेले होते बघायला. घरात कुणाला न सांगता, दोन एसट्या बदलून. म्हटलं शिव्या देईल, द्याव्यात. त्यानं काय करावं? आईला चहा टाकायला सांगितला आणि मला म्हणाला, 'ताई, गाडी लय चांगली हुती. नथवालीला दीड टन म्हंजी काईच न्हाई, समदी म्हंत्यात. मलाच गिअर जमला न्हाई.' मी चहा प्यायले. त्याला सांगितलं नाही. दोन एसट्या बदलून गेले, तासभर बसले, आणि सांगितलं नाही. आजपर्यंत त्याला वाटतंय चूक त्याची होती.

मग काकांनी गाडी त्याच्याकडून भंगाराच्या भावात परत आणली, नवं तोंड लावलं, रंग मारला. आणि आता तुम्ही.

'अंकिता, बास!' — ऐकलंत? आप्पा जागे झाले. बावीस वर्षांत आप्पांनी वरून आलेली ऑर्डर एकदाही विचारली नाही म्हणतात. चांगली गोष्ट आहे. फक्त घरी आल्यावर ते स्वतःच वरचे झाले, एवढंच. आप्पा, मी तुमच्याशी बोलत नाहीये, पाहुण्यांशी बोलतेय. मामा, तुम्हाला सांगितलं असेल की गाडीचं आरसी कार्ड एजंटाकडं आहे? एजंटाकडं नाही. आप्पांच्या बंडीच्या आतल्या खिशात आहे. त्याच्यावर माल धरून एकूण वजन किती चालतं ते छापलेलं असतं, म्हणून ते खिशात आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. खरंच नका ठेवू, तोंड मीच बसवलं होतं पहिल्यांदा. स्वतः बघा. बॉनेट उघडायचं नाही म्हणालेत ना — इसार घेतल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही, हे आमचं तिसरं कलम — मग राहू दे बॉनेट. त्याची गरजच नाही. खाली झोपा आणि वर बघा. पुढच्या चाकांपाशी पाटे दिसले तर चष्मेवाली, स्प्रिंगा दिसल्या तर नथवाली. मग मागच्या धुऱ्यापाशी ती दांडी शोधा. एवढं तर मिशी नसलेल्यालाही कळतं. काय? कपडे? हो, पांढरी विजार आहे, ऑइल सांडलंय खाली. थांबा. ही घ्या. ही भिंतीला टेकवलेली, पेपरात गुंडाळलेली. पत्र्याची आहे, वाकत नाही. हिच्यावर पाठ टेका आणि सरका आत. — असू दे हो पेपर, फाटू दे. आणि हा माझा मोबाईल, बॅटरी लावलीय.

'आगं ती पाटी!' — हो काका, पाटीच आहे. मला दिसतंय.

सरका, अजून थोडं. दिसलं? — काय दिसलं? मोजा. एक, दोन... मोठ्यानं मोजा, आप्पांना ऐकू येऊ दे. पाच. पाच पाटे. आता मागं. दांडी? — नाही. नाहीच मिळणार. या बाहेर. हळू, डोकं.

काय बघताय? पाटी? पेपर फाटला वाटतं. वाचा की, वाचायला बंदी नाही. 'अंकिता ऑटो वर्क्स. सर्व प्रकारच्या पिकअपची कामे.' लाल अक्षरं, पिवळी कड. कालच पेंटरकडून आली. मी चार वर्षं मागत होते. या शेडच्या दारावर ऋषिराजचं नाव आहे, तो सध्या बारावीला दुसऱ्यांदा बसलाय, टायरचे नट कुठल्या बाजूला फिरवून सोडवायचे त्याला माहीत नाही. मी म्हटलं, काम मी करते तर नाव माझं लावा. चार वर्षं हसले. परवा काका म्हणाले, 'लावतो. जुनं फॉर्म बाद झालं, ह्या गाडीच्या कागदावर परत सह्या कर, लगी पाटी वर चढवतो.' अकराला सही, बाराला पाटी. खिळेसुद्धा आणून ठेवलेत, त्या डब्यात बघा.

आणि मी करणार होते, मामा. तुम्हाला वाटत असेल ही पोरगी भलतीच सत्यवचनी — तसलं काही नाही. आज सकाळी नवा ड्रेस घालून मी सहीलाच आले. मनात म्हटलं, हा पाचगणीकडचा माणूस, स्ट्रॉबेरी वाहणार, स्ट्रॉबेरीला वजन ते काय. जमून जाईल. अगदी हाच हिशोब घातला मी. मग तुम्ही आलात. चपला काढून गाडीला हात लावून नमस्कार केलात. आणि म्हणालात, उतरताना क्रेट, येताना खताची पोती, कधी सिमेंट, दीड टन तरी होतंयच, पसरणी घाट रोजचा — आणि पोरगी शेजारी बसते, तिला वाईला कॉलेजात सोडायचं असतं. हेच म्हणालात ना? मुलीचं नाव काय म्हणालात? पल्लवी. हां. तिथं सगळा घोळ झाला. नुसतीच पोती म्हणाला असता तर कदाचित आत्ता खिळे ठोकायचं काम चालू असतं. हे मला सांगायचं नव्हतं. पण सांगितलं आता.

काय म्हणताय काका? 'घरची इज्जत रस्त्यावर'? गाडी रस्त्यावर होती तेव्हा नाही गेली ती? 'तुजी पाटी इसर.' बरं. विसरले. आणखी काय काढून घ्यायचं राहिलंय बघा, एकदमच घ्या. शेडची किल्ली? ती तर कधी दिलीच नव्हती.

आप्पा, तुम्हाला एकच विचारते, तुम्ही ड्रायव्हर होता. बावीस वर्षांत वरून एखादी ऑर्डर आली असती की ब्रेक न झेपणारी गाडी भरून घाट उतर, शेजारी पोरगं बसवून, आणि त्याला सांगू नकोस — उतरला असता? नाही, माझ्याकडं बघून सांगा. तुम्ही तर मला शिकवलंत, गाडीखाली शिरल्याशिवाय गाडीवर बसायचं नाही. सांगा की. उतरला असता?

काका, तुम्ही सांगा. तुमच्या ऋषिराजला बसवाल हिच्यात? आज, दीड टन भरून, पसरणीत? नाव त्याचंच आहे काचेवर.

मी सही करणार नाही. तुमच्या पेनानं नाही, माझ्या पेनानं नाही. कोऱ्या कागदावर नाही, भरलेल्या कागदावर नाही. गाडी माझ्या नावावर आहे, ती इथंच उभी राहील. आणि उद्या मी आटपाडीला जाणार आहे. सांगून जातेय या वेळी.

...

बोला की. एरवी माझं वाक्य संपायच्या आत दोघं बोलता.

...

आप्पा?

बघितलंत, मामा? उठा तुम्ही. पाठ झटका, पेपर चिकटलाय. सव्वाबाराची वाई गाडी स्टँडवरून सुटते, मिळेल. पाटी? नाही, उचलू नका. असू दे तिथंच, गाडीखाली. पुढचा माणूस बघायला आला तर त्याचेही कपडे मळायला नकोत.